पहिल्या अंघोळीचं तेल

मी संजय, मूळचा शेळगावचा. दुकान इंदापुरात, एसटी स्टँडच्या मागच्या अंगाला, तीन खुर्च्या, दोन कारागीर, आन् मधल्या आरशाच्या वर काचंत बसवलेलं माझं बी.ए.चं सर्टिफिकेट. आमच्या धंद्यातली माणसं दुकानात देवाचा फोटो लावत्यात न्हायतर नटाचा लावत्यात, मी दोन्ही लावलं न्हाय, मी सर्टिफिकेट लावलं. गिऱ्हाईकं चेष्टा करत्यात, ए ग्रॅज्युएट, जरा कल्ले बारीक कर की, आन् एक रिटायर मास्तर हायेत, ते खुर्चीत बसलं की दर टायमाला विचारत्यात, काय संजयराव, राज्यशास्त्रात दाढी कितव्या पेपराला होती? करू द्या चेष्टा. आमच्या घरात माझ्या आधी सातवीच्या फुडं कुणी गेलं नव्हतं, आमची आई अंगठा करायची, आन् मी पदवीचा निकाल घेऊन घरी आलो त्या दिवशी तिनं तो कागद उलटा धरून सगळा वाचला, वाचला म्हणजे नुसता बघितला, आन् म्हणली, अक्षर चांगलं हाय. तवा ते सर्टिफिकेट तिथनं मी काढणार न्हाय.

आमचं वडील म्हणजे तात्या. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं, मी बी तात्याच म्हणतो. तात्यांचं दुकान म्हणजे त्यांची धोकटी, चामड्याची पिशवी, त्यात वस्तरा, कात्री, वाटी, फुटका आरसा. धोकटी काखंत मारायची आन् शेतकऱ्यांच्या घरोघर जायचं, वर्साला ज्वारी-गव्हाचं बलुतं मिळायचं त्यावर घर. पण तुम्हाला सांगायचं ते दिवाळीचं. पहिली अंघोळ असती ना, त्या दिवशी पहाटे गावात न्हावी लागायचा. घरातला कर्ता माणूस पाटावर बसणार, पाटाभवती रांगोळी, पणती, आन् तात्या त्याच्या डोक्याला, पाठीला, दंडाला तेल लावून चोळणार, मग बाईमाणूस उटणं लावणार, पाणी घालणार, ओवाळणार. तवर तात्या फुडच्या घरी. असं करत करत बारा-चौदा घरं व्हायची, धोतराच्या सोग्यात करंज्या-चकल्या बांधून तात्या घरी यायचं ते उन्हं डोक्यावर आल्यावर. आमच्या घरची पहिली अंघोळ दुपारची. सगळ्या गावाचं फटाकं उडवून झाल्यालं, पोरं फराळ खाऊन झोपल्याली, आन् आमची आई चुलीवरचं पाणी चार वेळा तापवून बसल्याली. मला लई राग यायचा. आईला म्हणायचो, आपण आधी अंघोळ करून घिऊ की. ती म्हणायची, आधी त्येंची.

मग मी इंदापूरला कॉलेजला लागलो. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी नवा शर्ट घालून गेलो, तर वर्गातला एकजण म्हणला, न्हाव्याला कसली रं दिवाळी, दुसऱ्याची डोकी चोळायची. सगळी हसली. काय सांगू तुम्हाला, मी बी हसलो. तो बोलला त्याचं मला एवढं वाटलं न्हाय, मी हसलो ते मला अजून लागतं. त्या दिवशी मनाशी ठरवलं, धंदा करायचा तर मान वर करून करायचा, खुर्ची टाकून, दर लावून, आन् दिवाळीच्या दिवशी कुणाच्या डोक्याला हात लावायचा न्हाय. नोकरी कुठं लागली न्हाय, ती गोष्ट निराळी, पण दुकान टाकलं ते आजवर माझ्या हिमतीवर हाय. धनत्रयोदशीपर्यंत आमची रांग दारातनं रस्त्यापर्यंत असती, हात खांद्यातनं गळून पडायचं बाकी ऱ्हातं, आन् मग शटर खाली. पहिल्या अंघोळीपासनं भाऊबीजंपर्यंत बंद. घरात गिझर लावला, पहाटे पाचला आमच्या घरची अंघोळ, आमच्या दारात पहिला फटाका. सख्ख्या मेव्हण्यानं म्हणलं, दाजी, मानंवरची केसं जरा सारखी करून द्या, तरी मी म्हणायचो, दुकान बंद हाय. मंगल, म्हणजे आमची मंडळी, म्हणायची, लई बाई कडक नेम.

तवर गावातली पद्धत बी मोडत आली होती. घरोघर गिझर, शाम्पू, पोरं पुण्याला. तात्यांची घरं एकेक करत बंद झाली, राहिलं एकच, आबांचं. आबा म्हणजे गावातलं बागायतदार, ऊस, थोडं डाळिंब, तात्यांच्याच वयाचं, दोघं तिसरीपर्यंत एका फळीवर बसल्यालं. तात्या दर दिवाळीला त्यांच्याकडं जायचंच, मी तोंड फिरवायचो. आमची आई वारली त्या वर्षीच्या पावसाळ्यात आबांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं बोबडं झालं. घरात आबांची बायको, आक्का, आन् म्हसरांपाशी एक गडी. पोरगं विलास पुण्यात कंपनीत, त्याला त्या दिवाळीला सुट्टी मिळाली न्हाय.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मी दुकान बंद करून शेळगावला आलो, पाय सुजल्यालं, आन् तात्या ओट्यावर बसून मला म्हणतंय, संजू, सकाळी आबाकडं जायचंय, तू चल. मी म्हणलं, कशाला? तर म्हणलं, माझा हात थरथरतुया, आन् आबा म्हणजे लाकडाचा ओंडका झालाय, एकट्याला उठवत न्हाय. मी म्हणलं, त्यांच्या पोराला बोलवा. तात्या म्हणलं, ते येणार न्हाय. मी म्हणलं, मग ह्या कामाला दुसरा गडी लावा, पैसा हाय त्यांच्याकडं. आन् मग माझ्या तोंडातनं निघालं, तात्या, तुमी आयुष्यभर चाकरी केली, मी शिकलोय, मी करणार न्हाय. तात्या ओट्यावरनं उठलं. मग म्हणलं, चाकरी वाटतीया व्हय तुला? बरं. एवढंच. आत जाऊन झोपलं. त्या बरं-नं मला जेवण गेलं न्हाय.

सकाळी मी अंघोळीला निघालो तर मंगल दारात उभी. म्हणली, तात्या गेलं. काठी घेऊन, एकटंच, तेलाची बाटली खिशात घालून. मी म्हणलं, जाऊ दे, येतील. तर ती म्हणली, अहो, तुमची डिग्री काय तेलात विरघळती का? तसा मी तडातडा निघालो. पण तुम्हाला खरं सांगतो, मी मदत करायला गेलो नव्हतो, तात्यांना हाताला धरून परत आणायला गेलो होतो.

आबांच्या सोप्यात, फुडच्या पडवीत, पाट मांडलेला, रांगोळी काढल्याली. आन् खाटंवर आबा. मी त्यांना दोन-तीन महिन्यांनी बघत होतो. अहो, ज्या माणसाच्या फेट्याचा तुरा वाकडा झालेला मी कधी बघितला न्हाय, त्याची दाढी गळ्यापर्यंत वाढलेली, केसाच्या जटा झालेल्या, पायाची नखं अशी वळून मासात घुसत आलेली. आक्कांनी त्यांना एका बाजूनं धरलेलं, तात्यांनी दुसऱ्या, आन् दोघं म्हातारी माणसं मिळून तिसऱ्याला खाटंवरनं खाली घ्यायला बघतायत, आन् ते काय होईना. तात्यांचा पाय लागून तेलाची वाटी कलंडली, सगळं तेल रांगोळीत गेलं. आबांच्या डोळ्यातनं पाणी. लाजंचं पाणी होतं ते, मला कळतं, माझ्या खुर्चीत माणूस मान खाली घालून बसतो तवा मला त्याच्या मानंवरनं कळतं. तात्यांनी माझ्याकडं बघितलं, पण ये म्हणलं न्हाईत. परत वाकलं, परत आबांच्या काखंत हात घातला. 

मला आत जाववंना आन् मागं बी फिरवंना. आन् मग मी बोललो, चांगलं बोललो न्हाय, तुसड्यागत बोललो, म्हणलं, आक्का, मी लावतो तेल आबांना. पण एक पाट आणखी मांडा. आमच्या तात्यांनी तुमच्या घरात उभा जन्म तेल लावलं, त्यांना कुणी लावलं न्हाय. आज आबांच्या शेजारी तात्या बसतील, तेल त्यांना बी लागंल, ओवाळणं त्यांना बी होईल, जमत असंल तर सांगा, न्हायतर मी त्यांना घेऊन चाललो.

तात्या म्हणलं, संजू, गप. आक्का एकदम ताठ झाल्या. मला वाटलं, आता ही बाई मला बाहेर काढती. तर म्हणल्या, बोलू द्या त्याला भावजी, खरं बोलतुया तो. माझ्याकडं वळल्या आन् म्हणल्या, संजू, सासू होती तवर माझी हिंमत न्हाय झाली, खोटं कशाला सांगू. सासू गेल्याच्या पहिल्याच दिवाळीला मी दुसरा पाट मांडला होता. तुझा बापच बसला न्हाय. म्हणला, आक्का, घरी ती पाणी तापवून बसलीया, माझी पहिली अंघोळ तिच्या हातची. दर वर्षी मी म्हणायची, दर वर्षी ह्यो माणूस हेच सांगायचा. विचार त्याला.

मी तात्यांकडं बघितलं. तात्या जमिनीकडं बघतायत. अहो, इतकी वर्सं मी मनात काय धरून बसलो होतो, आन् ह्या माणसानं घरी येऊन एका शब्दानं सांगितलं न्हाय. मी म्हणलं, तात्या, मला का न्हाय सांगितलं? तर म्हणलं, तू विचारलं कुठं? तू तर शिकलेला.

आक्का आत गेल्या, पाट घेऊन आल्या, पुसला, सांडलेली रांगोळी झाडली, नवी दोन्ही पाटांभवती काढली. म्हणल्या, भावजी, आता तर वहिनी न्हाईत. आता कुणासाठी थांबताय? बसा. आन् तात्या बसलं. शर्ट काढला, घडी घालून बाजूला ठेवला, आन् देवळात बसावं तसं बसलं.

मी आबांना उचलून पाटावर घेतलं, पाठीला माझा गुडघा लावला. आधी घरनं तात्यांची धोकटी मागवून घेतली, केसं कापली, दाढी केली, नखं गरम पाण्यात भिजवून एकेक काढली, त्यालाच तासभर गेला. मग तेल. मी वीस वर्सं लोकांची डोकी हातात घेतोय, पण तसं डोकं मी कधी हातात घेतलं नव्हतं, हलकं, पिकल्या फळागत. तात्या शेजारनं सांगतायत, कानामागं लाव, त्याला तिथं लावलेलं आवडतं. आबांना लावून झालं, मग मी तात्यांना लावलं. जन्मात पहिल्यांदा बापाच्या पाठीला तेल लावलं. आन् ते लावत असताना आबांनी डावा हात, त्यांचा चालणारा हात, वाटीत बुडवला, तेल निथळत तसाच वर नेला, आन् तात्यांच्या टाळूवर ठेवला. थापटला. काय तरी बोललं बोबडं, आमाला कुणाला कळलं न्हाय, तात्यांना कळलं असावं, कारण तात्या म्हणलं, व्हय व्हय, बास आता, डोळ्यात जातंय. आक्कांनी दोघांना पाणी घातलं, दोघांना ओवाळलं.

आता माणूस शिकला की त्याला एक खोड लागती, चांगलं काम हातनं घडलं की त्याचा कार्यक्रम करायचा. फुडच्या दिवाळीला मी इंदापूर-बारामतीची आमच्या धंद्यातली पाच-सहा जणं गोळा केली, म्हणलं, सुट्टीचं घरात लोळण्यापरीस गावाचं काय तरी देणं फेडू. सगळी तयार झाली. आमी फ्लेक्स छापला, दिवाळीनिमित्त ज्येष्ठांसाठी मोफत दाढी-कटिंग, खाली आमचं फोटो, मधोमध माझा, जरा मोठाच. देवळाफुडं खुर्च्या मांडल्या, आरसं टांगलं. आन् आलं कोण? शाळंतली चार पोरं, त्यांना क्रिकेटवाल्यागत कटिंग पायजे होती. म्हातारी माणसं समोर लिंबाखाली बसून आमच्याकडं बघतायत, एकजण उठंना. मी हात जोडून बोलवायला गेलो तर त्यातलं एक म्हातारं म्हणलं, संजू, दाढीला पैसं न्हाईत असं आमी तुला कवा म्हणलं व्हय रं? मी मागं फिरलो आन् खुर्च्या आवरायला लागलो.

घरी आलो तर तात्या पोट धरून हसतंय. म्हणलं, अरं ग्रॅज्युएट, जो देवळापतूर चालत येतो त्याला तू नको हायस, आन् ज्याला तू पायजे तो खाटंवर पडलाय, त्यानं तुझा फ्लेक्स वाचायचा कसा? आन् दाढी ही घरात करायची गोष्ट, चारचौघांत फुकट करून घ्यायला माणूस काय मेंढरू हाय? तो फ्लेक्स आमी कडब्यावर टाकला. शेळीनं मधला फोटो बरुबर खाल्ला.

मग तात्यांनी आमाला शिकवलं. ज्या घरात माणूस अंथरुणाला खिळलंय तितं आपण जायचं. गेल्या गेल्या वस्तरा काढायचा न्हाय, आधी बसायचं, पाऊसपाणी विचारायचं, चहा घ्यायचा. मोबाईलवर फोटो काढायचा न्हाय, कुणी काढत असंल तर बाहेर घालवायचा. आन् निघताना ते जे देतील ते घ्यायचं, लिंबू दिलं तर लिंबू, शेंगा दिल्या तर शेंगा. मी म्हणलं, तात्या, आपण फुकट करतोय ना? तर म्हणलं, तू फुकट कर, पण त्यांना फुकट करून घ्यायला लावू नगंस. माणसाला काय तरी हातावर ठेवू दे, त्याची मान सरळ ऱ्हाती. हे कुठल्या पुस्तकात असतं तर मी पहिल्या नंबरानं पास झालो असतो.

तवापासनं दर दिवाळीच्या सुट्टीत आमी जातो. दुकानं बंद, चार दिवस गाडीवर सामान. बारामतीचा एकजण हाय, त्याचं एसी सलून हाय, त्याच्याकडं माणसं नंबर लावून येत्यात, तो गडी दिवाळीच्या पाडव्याला पोराबाळांत बसायचं सोडून म्हाताऱ्यांची नखं कापत बसतो, आन् वर मलाच म्हणतो, संजू, तुझ्या हातानं टोचतंय, सरक. मला त्याचं लई कौतुक वाटतं. आन् मंगल. पहिल्या वर्षी एका घरी आजी होती, तिच्या केसाला आमाला हात लावता येईना, बाप्या माणसाचा हात तिला बरा वाटंना, तर मंगल म्हणली, मी कशाला हाय? आता तिच्यासंगं तिघी-चौघी असत्यात, आज्यांना न्हाऊ घालत्यात, वेण्या घालत्यात. पळसदेवला धरणाच्या कडंला एक मासेमाराची आई हाय, तिनं ऐन दिवाळीत मंगलच्या पिशवीत दोन जित्या चिलापी घातल्या. सणाचं मासं! मंगल म्हणली, आजी, आज न्हाय खात आमी. आजी म्हणली, मग उद्या खा, पण न्हाय म्हणू नगं. एका आजीकडं द्यायला काय म्हणजे काय नव्हतं, तिनं मंगलच्या तोंडावरनं हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, दहाच्या दहा कडाकडा वाजली. मंगल गाडीवर बसल्यावर परत परत स्वतःच्या गालाला हात लावून बघत होती.

पण पहिलं घर आबांचंच. दोन पाट. गेल्या दिवाळीला गेलो तर विलास आलेला. सुट्टी टाकून, बायकापोरांसकट आलेला. सोप्यात नुसता उभा, हाताची घडी घालून. मी आबांना पाटावर घेतलं, वाटी उचलली, तसा तो म्हणला, संजू, मला दाखव. मी म्हणलं, काय? म्हणला, मला येत न्हाय रं. माझ्याच बापाला हात कसा लावायचा ते मला कळत न्हाय, भ्या वाटतं, कुठं दुखंल म्हणून. पन्नाशीला आलेला माणूस, कंपनीत त्याच्या हाताखाली माणसं हाईत, आन् असं बोलला.

मी वाटी त्याच्या हातात दिली. मागं बसवला, गुडघा कसा लावायचा दाखवला, मान कुठं धरायची दाखवलं. त्यानं चोळायला सुरुवात केली तशी तात्या शेजारच्या पाटावरनं ओरडलं, हळू रं, डोकं हाय ते, नारळ न्हाय सोलायचा! तेल आबांच्या डोळ्यात गेलं, आबांनी बोबडी शिवी दिली, ती मात्र सगळ्यांना कळली, आक्का तोंडाला पदर लावून हसल्या. आन् माझं हात रिकामं. दिवाळीच्या पहाटे त्या घरात मी पहिल्यांदा रिकाम्या हातानं बसलो, आक्कांनी चहा दिला, गरम गरम प्यायलो.

निघताना विलास म्हणला, फुडच्या वर्षी तू नगंस येऊ, मी येणार हाय. खोटं बोलत न्हाय, क्षणभर मला आपलं गिऱ्हाईक कुणी पळवावं तसं वाटलं. मग गाडीला किक मारली आन् वाटंत मला आपोआप हसू यायला लागलं.

यंदा यादीत अकरा घरं हाईत, त्यात आबांचं न्हाय. तात्या जाणार म्हणत्यात, ते त्यांचं त्यांच्यापाशी, ते काय तेल लावायला जात न्हाईत आता, मित्राकडं जात्यात. माझं म्हणणं देवाला एवढंच हाय, वर्साला एकेक घर असंच आमच्या यादीतनं कमी होऊ दे. कुणाच्या पोराला, सुनंला, नातवाला वाटलं शिकावं, तर सुट्टीच्या आधी माझ्या दुकानात यावं, मी शिकवीन, तात्या असलं तर शिव्या बी मिळतील. फक्त येताना हाताची नखं कापून यावं. म्हाताऱ्या माणसाची कातडी लई पातळ असती.